‘कुठवर आलास?’ विचारण्याआधी

रात्री साडेनऊच्या सुमारास सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत स्ट्रेचर येते. दुचाकीवरून पडलेला तरुण, डोक्याला मार, शुद्ध हरपलेली. डॉक्टर नाडी, रक्तदाब, डोळ्यांच्या बाहुल्या तपासत असतात, सिस्टर सलाइन लावत असते. तेवढ्यात रुग्णाच्या खिशातून काढून बाजूला ठेवलेला फोन वाजू लागतो. काच तडकलेली, पण फोन चालू. पडद्यावर अक्षरे दिसतात : ‘आई’. सिस्टर फोन उचलते. पलीकडून पहिलाच प्रश्न येतो, ‘कुठवर आलास रे?’

ही एका विशिष्ट रुग्णाची गोष्ट नव्हे. अपघात विभागात काम केलेल्या कोणालाही हे दृश्य ओळखीचे वाटेल. त्या आईच्या फोनमुळे अपघात झाला, असे अर्थातच नाही. पण हाच फोन दहा मिनिटे आधी, मुलगा रस्त्यावर असताना आला असता तर त्याने काय केले असते? बहुतेक मुले करतात तेच. फोन उचलला असता. एक हात हँडलवर, फोन हेल्मेट आणि कानाच्या मध्ये खुपसलेला, आणि तोंडाने ‘पोचतोच गं दहा मिनिटांत’.

गाडी चालवताना अवधान सुटणे हा आजच्या रस्त्यांवरचा मोठा धोका आहे. त्याविषयीची आपल्याकडची चर्चा मात्र ‘फोन हातात होता की नव्हता’ या एकाच प्रश्नाभोवती फिरते. मेंदूच्या दृष्टीने हा प्रश्न अपुरा आहे.

आकडे काय सांगतात, काय लपवतात

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ जणांचा जीव गेला. एकट्या महाराष्ट्रात मृतांची संख्या १५ हजारांहून अधिक होती. याच अहवालात वाहन चालवताना मोबाइल वापरल्याने झालेले मृत्यू सुमारे ३,४०० दाखवले आहेत, म्हणजे एकूण मृत्यूंच्या साधारण दोन टक्के. अतिवेगामुळे झालेल्या मृत्यूंचे प्रमाण मात्र सत्तर टक्क्यांच्या वर आहे. हे वाचून कोणालाही वाटेल, की मोबाइलचा प्रश्न त्या मानाने किरकोळ आहे.

पण हा आकडा तयार कसा होतो, ते पाहायला हवे. दारू प्यायलेल्या चालकाच्या तोंडाला वास येतो, श्वास तपासता येतो, रक्ताचा नमुना घेता येतो. विचलित झालेल्या लक्षाची रक्तात काहीही खूण राहत नाही. वाचलेला चालक ‘मी फोनवर होतो’ असे क्वचितच सांगतो आणि मृत चालक काही सांगू शकत नाही. कॉलच्या नोंदी मागवून त्यांची वेळ अपघाताच्या वेळेशी ताडून पाहणे शक्य असते, पण रोजच्या अपघातांत तेवढा तपास होत नाही. पाहणाऱ्यांना दिसते ते एवढेच, की गाडी भरधाव आली आणि ब्रेक न लावता धडकली. साहजिकच कारण लिहिले जाते ते अतिवेगाचे. चालकाने ब्रेक का लावला नाही, हा प्रश्न कागदावर येतच नाही.

शिवाय अहवालातल्या वाहतूक नियमभंगाच्या तक्त्यात रकाना आहे तो फक्त मोबाइल वापराचा. डॅशबोर्डवरच्या पडद्यावर गाणे शोधताना, मागच्या सीटवरच्या मुलाला पाण्याची बाटली देताना किंवा वडापाव खाताना झालेला अपघात ‘इतर’मध्ये जातो. म्हणून ३,४०० हा किमान आकडा समजायला हवा. खरा आकडा त्याहून मोठा असणार.

नजर, हात आणि मन

गाडी चालवताना लक्ष तीन प्रकारे हटते. नजर रस्त्यावरून हटते, हात हँडलवरून किंवा स्टिअरिंगवरून सुटतो, आणि मन दुसरीकडे जाते. मेसेज वाचणे किंवा लिहिणे हे सर्वांत घातक, कारण त्यात या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात जवळपास १७ मीटर अंतर कापते. मेसेज वाचायला पाच सेकंद लागले, तर तेवढ्यात गाडी ८० मीटरहून अधिक पुढे गेलेली असते. एसटीच्या सात बस एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी लांबी भरेल, तेवढे अंतर चालकाने जणू डोळे मिटून कापलेले असते.

अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक या संस्थेने ट्रकमध्ये कॅमेरे बसवून चालकांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००९मध्ये प्रसिद्ध झाले. मेसेज टाइप करणाऱ्या ट्रकचालकांचा अपघाताचा किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका २३ पटींनी वाढलेला आढळला. अशा प्रसंगांत सहा सेकंदांपैकी सरासरी ४.६ सेकंद त्यांची नजर रस्त्यावर नव्हती.

इथपर्यंत सगळ्यांना पटते. मतभेद सुरू होतात ते यापुढे. ‘मी मेसेज करत नाही, फक्त बोलतो. तेही ब्लूटूथवर. दोन्ही हात स्टिअरिंगवर असतात, नजर समोर असते. मग धोका कसला?’ असे म्हणणारे सुशिक्षित, जबाबदार चालक असंख्य आहेत.

हात मोकळे, मेंदू गुंतलेला

याचे उत्तर वैद्यकशास्त्राला बरेच आधी मिळाले आहे. कॅनडातील टोरांटो येथे ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी आणि त्यांच्या अपघातांच्या वेळा ताडून पाहणारा अभ्यास १९९७मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. फोनवर बोलताना किंवा त्यानंतर लगेच अपघाताचा धोका चौपट होतो, असे त्यात दिसले. हँड्स-फ्री वापरणाऱ्यांना त्यातून सूट मिळालेली नव्हती. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे अपघातानंतर रुग्णालयात आलेल्या ४५६ चालकांचा २००५मध्ये असाच अभ्यास झाला. उत्तर तेच आले : धोका चौपट, फोन हातात असो वा नसो. जागतिक आरोग्य संघटनाही आज हेच सांगते.

असे का होते? माणसाला एका वेळी दोन कामे नीट जमतात, हा आपला समज आहे. प्रत्यक्षात लक्ष लागणारी दोन कामे आली, की मेंदू एकातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून पहिल्यात उड्या मारत राहतो. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २००८मध्ये गाडी चालवण्याचा सराव-खेळ खेळणाऱ्यांच्या मेंदूचे चित्रण केले. त्यांना फक्त वाक्ये ऐकून ती खरी की खोटी, एवढेच ठरवायचे होते. बोलायचे नव्हते, फोन धरायचा नव्हता. तरीही भोवतालच्या जागेचे भान ठेवणाऱ्या, गाडी चालवण्याशी संबंधित भागातली हालचाल ३७ टक्क्यांनी घटली.

याचा परिणाम असा, की डोळे समोर असूनही दिसत नाही. प्रकाश डोळ्यांत शिरतो, प्रतिमा पडद्यावर उमटते, पण मेंदू ती वाचत नाही. १९९९मधला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रफितीतील खेळाडू एकमेकांकडे चेंडू किती वेळा फेकतात, हे मोजायला प्रेक्षकांना सांगितले होते. मध्येच गोरिलाचा वेश केलेली व्यक्ती खेळाडूंच्या मधून चालत गेली, छाती बडवून बाहेर पडली. सुमारे निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही. रस्त्यावर या गोरिलाच्या जागी सायकलवरून वळणारी शाळकरी मुलगी किंवा दुभाजकातल्या फटीतून बाहेर पडणारे आजोबा असतात. ‘अचानक मध्ये आला हो’ असे अपघातानंतर चालक सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत असतोच असे नाही. त्याच्या मेंदूपुरते ते खरेच अचानक घडलेले असते.

अमेरिकेतील युटा विद्यापीठात २००६मध्ये एक तुलना झाली. गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर फोनवर बोलणारे चालक आणि रक्तात दर १०० मिलिलिटरला ८० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेले चालक यांची कामगिरी तपासली गेली. फोनवर बोलणाऱ्यांचे ब्रेक उशिरा लागत होते आणि एकंदरीत त्यांची अवस्था मद्य घेतलेल्यांइतकीच वाईट होती. भारतात मद्यपी चालकासाठी कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या तुलनेचे गांभीर्य कळते. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला घरचे लोक अडवतात. फोनवर बोलत गाडी चालवणाऱ्याला मात्र घरचेच लोक फोन करतात.

फोन ठेवल्यावरही मन लगेच रस्त्यावर येत नाही. अमेरिकेतील एएए फाउंडेशनच्या २०१५मधील अभ्यासात काही आवाजी आज्ञांनंतर लक्ष पूर्ण पूर्ववत व्हायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागल्याचे आढळले. म्हणजे सिग्नलला थांबल्यावर एक मेसेज टाकून हिरवा दिवा लागताच निघणारा चालक पुढचा चौक ओलांडेपर्यंत अर्धा त्या मेसेजमध्येच असू शकतो.

शेजारच्या माणसाशी बोललेले चालते का?

हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि तो रास्त आहे. शेजारी बसलेला माणूस रस्ता पाहत असतो. समोर ट्रक आडवा आला, की तो बोलायचा थांबतो. ‘अरे, बघ बघ’ म्हणतो. गाडी घाटात शिरली की गप्पा आपोआप मंदावतात. फोनवरच्या माणसाला यातले काही दिसत नसते. तो बोलतच राहतो आणि इकडून उत्तर आले नाही तर ‘हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?’ असे विचारून उरलेले लक्षही खेचून घेतो. युटा विद्यापीठातल्याच २००८च्या प्रयोगात चालकांना ठरावीक ठिकाणी महामार्ग सोडून विश्रांतीच्या जागी थांबायचे होते. फोनवर बोलणाऱ्यांपैकी निम्मे ते वळण विसरून पुढे गेले. शेजारच्याशी बोलणाऱ्यांत हे प्रमाण १२ टक्के होते.

अर्थात गाडीत वाद चालू असेल, मुले मागे भांडत असतील, तर शेजारच्याचाही त्रासच होतो. पण सोबतचा शहाणा माणूस हा दुसऱ्या डोळ्यांच्या जोडीसारखा उपयोगी पडतो. फोनवरचा माणूस, कितीही मायेचा असला, तरी तसा उपयोगी पडू शकत नाही.

ब्रेक न लागलेली धडक

डॉक्टरांच्या नजरेतून आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. सावध चालकाचाही अपघात होतो, पण धडकेआधी त्याचा ब्रेक लागलेला असतो. वेग ६०वरून ३०वर आला, तर धडकेतली ऊर्जा निम्मी नव्हे, एक चतुर्थांश होते. हाड मोडण्यावर निभावणे आणि मेंदूत रक्तस्राव होणे यातला फरक अनेकदा एवढ्यावर ठरतो. ज्याचे लक्ष नव्हते, तो बहुधा पूर्ण वेगानेच धडकतो.

दुचाकीवर याची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते. देशातल्या रस्ते अपघातांतील मृतांत दुचाकीस्वारांचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर आहे. चारचाकीत लक्ष हटले तर भोवती निदान पत्रा आणि पट्टा असतो. दुचाकीवर तोल हाच पट्टा. मान खांद्याकडे झुकवून फोन दाबून धरला, की आरशात पाहणे बंद होते, एका बाजूची मान वळत नाही. फोन आत खुपसण्यासाठी हेल्मेटचा पट्टा सैल ठेवला किंवा लावलाच नाही, तर पडताना हेल्मेट आधी उडते आणि डोके नंतर आपटते. दोन्ही कानांत इअरबड्स असतील, तर मागून येणाऱ्या वाहनाचा हॉर्नही पोचत नाही.

कायदा कुठवर पोचतो

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४मध्ये २०१९च्या दुरुस्तीने हातात धरलेल्या संपर्क-साधनाचा वापर हे धोकादायक वाहन चालवण्याचे एक रूप म्हणून स्पष्ट नमूद झाले. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तीन वर्षांत पुन्हा तोच गुन्हा केला तर दंड दहा हजार आणि कैद दोन वर्षांपर्यंत. ऑक्टोबर २०२०पासून लागू झालेल्या नियमानुसार फोनचा वापर फक्त रस्ता शोधण्यासाठी, तोही चालकाची एकाग्रता भंग होणार नाही अशा रीतीने करता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ते सुरक्षा समितीने २०१५मध्येच अशा चालकांचा परवाना किमान तीन महिने निलंबित करण्यास राज्यांना सांगितले होते.

कायदा आहे, पण पकडले जाण्याची भीती नाही, ही खरी अडचण. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने डिसेंबर २०१९पासून चालकाच्या हातातला फोन टिपणारे कॅमेरे लावले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या नव्या कॅमेरा यंत्रणेतही मोबाइलचा वापर टिपण्याची सोय आहे. अशी नजर शहरांतल्या रस्त्यांवर आणि राज्य महामार्गांवरही असायला हवी. दंडाची रक्कम वाढवण्यापेक्षा दंड नक्की होणार, ही खात्री जास्त परिणाम करते.

तरीही कॅमेऱ्याला दिसतो तो हात. मन कुठे आहे ते त्याला दिसत नाही. हँड्स-फ्री बोलणे कायद्यात बसते म्हणून ते सुरक्षित ठरत नाही. इथे कायद्याची हद्द संपते आणि सवयीची सुरू होते.

फोन करणारा कोण?

चालकाला फोन करणाऱ्यांत घरच्यांच्या बरोबरीने कामाची माणसे असतात. साहेब, ग्राहक, दुकानदार, ट्रान्सपोर्टचा मालक. घरपोच सामान देणाऱ्या मुलांचा तर फोन हाच मालक असतो. नवी ऑर्डर पडद्यावर येते आणि ती घ्यायची तर ठरावीक सेकंदांत बोट लावावे लागते. ‘चालताना फोन पाहू नको’ असे या मुलांना सांगणे सोपे आहे, पण ज्या व्यवस्थेत न पाहिल्यास कमाई बुडते ती बदलल्याशिवाय हा उपदेश पोकळ आहे. वाहन चालू असताना नवी ऑर्डर न पाठवणे, ती थांब्यावर आल्यावरच दाखवणे कंपन्यांना तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. ‘आमचा माणूस रस्त्यावर असताना त्याला फोन करायचा नाही’ असा लेखी नियम प्रत्येक कार्यालयाला करता येईल. रुग्णालयेही याला अपवाद नाहीत. तातडीने बोलावलेल्या डॉक्टरला तो गाडी चालवत असताना वॉर्डातून दहा फोन जातात. तो पोचल्याशिवाय त्याचा उपयोग नाही, हे तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही.

वाहन उत्पादकांचीही जबाबदारी आहे. नव्या गाड्यांत साधी बटणे जाऊन सगळे मोठ्या पडद्यावर आले. बटण चाचपून दाबता येते, पडदा मात्र पाहावाच लागतो. वाहनांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६पासूनच्या निकषांत इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या महत्त्वाच्या गोष्टींसाठी वेगळी बटणे किंवा दांडे असण्याला गुण ठेवले आहेत. आपल्याकडच्या ग्राहकानेही गाडी घेताना पडद्याचा आकार विचारण्याऐवजी एसीचे बटण कुठे आहे, ते विचारावे.

काय करता येईल

फोन दृष्टीआड ठेवणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. नोटिफिकेशनचा नुसता आवाज आला, फोन उचललाही नाही, तरी कामातल्या चुका वाढतात, हे फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या २०१५च्या अभ्यासात दिसले. म्हणून खिशातला मूक फोन चालेल, मांडीवरचा किंवा हँडलवरचा लुकलुकणारा नको. हल्लीच्या बहुतेक स्मार्टफोनमध्ये गाडी चालवताना फोन व सूचना थांबवण्याची सोय असते. आयफोनमध्ये ‘ड्रायव्हिंग फोकस’ असतो, तो समोरच्याला ‘गाडी चालवत आहे’ असा निरोपही आपोआप पाठवतो. अँड्रॉइड फोनमध्येही ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावता येते.

नकाशा लागणार असेल तर पत्ता निघण्यापूर्वी टाकावा आणि सूचना ऐकत जावे. रस्ता बदलायचा असेल तर थांबून बदलावा. थांबणे म्हणजे द्रुतगती मार्गाच्या कडेला गाडी लावणे नव्हे. तिथे थांबणे हाच मोठा धोका आहे. पेट्रोल पंप, फूड प्लाझा, गावातली मोकळी जागा पाहावी. सोबत कोणी असेल तर फोन त्याच्याकडे द्यावा.

‘तातडीचे काही असले तर?’ ही शंका खरी आहे. त्यासाठी घरात एक खूण ठरवता येते. साधे काम असेल तर एकच फोन, उत्तर नाही आले तर थांबायचे. अगदी निकडीचे असेल तर लागोपाठ दोन फोन. दुसरा फोन आला, की चालकाने सुरक्षित जागा पाहून थांबायचे आणि मगच बोलायचे.

रिक्षात, टॅक्सीत, खासगी बसमध्ये बसलेल्या प्रवाशानेही संकोच करू नये. ‘दादा, फोन नंतर करा, आम्हाला घाई नाही’ एवढे शांतपणे म्हटले तर बहुतेक चालक ऐकतात. लहान मुले मागच्या सीटवरून सगळे पाहत असतात. अठरा वर्षांची झाली की तीही तशीच चालवणार असतात.

आणि सर्वांत सोपा उपाय फोन करणाऱ्याच्या हातात आहे. ‘कुठवर आलास?’ या प्रश्नात काळजी असते, माया असते. पण रस्त्यावरच्या माणसाला त्याचे उत्तर देण्यासाठी मनाने काही क्षण रस्ता सोडावा लागतो. त्याऐवजी पहिला प्रश्न ‘गाडीवर आहेस का?’ असा असावा. उत्तर ‘हो’ आले, तर ‘मग ठेव, पोचल्यावर बोलू’ म्हणून फोन आपणच बंद करावा. उशीर झाला तर ताट झाकून ठेवता येते.